साहेब, तुम्ही गाव विचारलंच नाही

मु. पो. माकणी, ता. लोहारा, जि. धाराशिव

पुण्यातल्या एका मोठ्या शोरूमच्या विक्रेत्यास,

नमस्कार. ‘सप्रेम’ लिहिण्याइतकं प्रेम उरलेलं नाही, म्हणून नुसता नमस्कार. तुमचं आणि तुमच्या शोरूमचं नाव मी इथं लिहीत नाही. तुमच्यासारखे विक्रेते पुण्यात आहेत, छत्रपती संभाजीनगरात आहेत, हैदराबादेतही आहेत. ज्यानं त्यानं हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं. गाडीचं नावही लिहीत नाही, पण त्याचं कारण वेगळं आहे. दोष गाडीचा नाही. गाडी उत्तम आहे, आणि ज्यांनी ती घडवली त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तुमचा राग येतो तो त्या आदरापोटीच.

माझा भाचा दिवाळीआधी तुमच्याकडं आला होता. नोकरी लातूरला, राहणं माकणीला. म्हातारे आई-वडील, शेत, बायकोची झेडपीच्या शाळेतली नोकरी, सगळं इथं. त्यामुळं लातूरला खोली करून राहणं त्याला जमत नाही. जाऊन-येऊन रोजचे शंभर किलोमीटर होतात, वर काही काम निघालं तर जास्तच. शिवाय वर्षातून एकदा त्याला लांब जायचं असतं. स्पिती म्हणतो, लडाख म्हणतो, कोकणातून खाली उतरत कन्याकुमारी म्हणतो. इटलीच्या गाड्यांचं वेड त्याला शाळेपासूनचं. एकच गाडी हवी, ती रोजच्यालाही चालावी आणि लांबच्यालाही, आणि असावी इटालियन, एवढी त्याची मागणी. मागणी सरळ होती. तिला सरळ उत्तरही देता आलं असतं.

तुम्ही त्याला काय काय विचारलंत ते त्यानं मला सांगितलंय. पगार किती. स्लिप आणली का. सिबिल स्कोअर काय. रंग लाल घ्यायचा की करडा. सामानाच्या पेट्या आत्ताच बसवायच्या की नंतर. एक्स्चेंजला जुनी गाडी आहे का. चहा घेणार की कॉफी. पत्ता तुम्ही आधार कार्डावरून उतरवून घेतलात. म्हणजे ‘माकणी’ हे नाव तुमच्याच हातानं फॉर्मवर लिहिलं गेलं. ते लिहिताना तुमचा पेन अडला नाही. हे गाव आहे कुठं, आमच्या वर्कशॉपपासून किती लांब, आणि तिथं ही गाडी उघडणार कोण, यातलं काहीच तुम्हाला विचारावंसं वाटलं नाही.

आमच्याकडच्या बैलबाजारातला व्यापारीसुद्धा बैल दाखवायच्या आधी विचारतो, ‘पाटील, रान काळं हाय का मुरमाड?’ त्याला सही करता येत नसेल, पण गिऱ्हाइकाचं रान न बघता बैल गळ्यात मारला तर पुढच्या बाजारी तोंड दाखवता येणार नाही, हे त्याला कळतं. तुमच्या भिंतीवर कंपनीच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं काचेत लावलेली आहेत. त्या प्रशिक्षणात हा प्रश्न शिकवत नसतील तर ती काचेतून काढा.

तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून आता मीच सांगतो. माकणी लोहारा तालुक्यात आहे. तेरणा नदीवरचं निम्न तेरणा धरण ते हेच, माकणीचं. किल्लारी, सास्तूर ही नावं तुम्ही 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपामुळं ऐकली असतील. ती आमची शेजारची गावं. जमीन काळी. पावसाळ्यात बुटाला गारा चिकटतो तो काठीनं खरवडून काढावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. दिवाळीनंतर उसाचा हंगाम, म्हणजे एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, आणि अंधारात त्यांना बऱ्याचदा ना मागचा दिवा ना रेडियम. गावोगाव गतिरोधक, बरेचसे पांढऱ्या पट्ट्याशिवायचे, आणि उंची ज्यानं केला त्याच्या मर्जीची. पुणे इथून तीनशे किलोमीटरच्या पुढं. तुमचं वर्कशॉप पुण्यात.

आता काय झालं ते ऐका. पहिल्या पावसाळ्यातच भाच्यानं रानाच्या कडेला गाडी उभी केली. बांधावर उतरून वडिलांना डबा देऊन येईपर्यंत साइड स्टँड काळ्या मातीत हळूहळू खाली गेला आणि गाडी डाव्या अंगावर पडली. वेग शून्य. माणसाला खरचटलंसुद्धा नाही. पण गिअरचा दांडा मुळाशी तडकला. आपल्या साध्या गाडीचा दांडा लोखंडी असतो. वाकला तर वेल्डिंगवाला शेगडीवर लाल करतो, दोन ठोके देतो, माणूस चहा संपेपर्यंत घरी. हा दांडा ओतीव ॲल्युमिनियमचा. आमच्या वेल्डिंगवाल्यानं तो हातात घेऊन उलटासुलटा केला, नखानं तडा चाचपला आणि परत दिला. ‘ह्याला आरगॉन लागतंय, माझ्याकडं न्हाई,’ म्हणाला. त्यानं मला फसवलं नाही. जे येत नाही ते येत नाही म्हणून सांगितलं. त्याच्या दुकानाला पाटीसुद्धा नाही.

मग गाडी पिकअपमध्ये आडवी-उभी बांधून पुण्याला. पार्ट स्टॉकमध्ये नाही. ऑर्डर टाकली. ‘येतोय.’ ‘कंटेनर निघालाय.’ ‘कस्टममध्ये आहे.’ एका बोटाएवढ्या दांड्यासाठी बारा लाखांच्या घरातली गाडी तुमच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात धूळ खात उभी, भाचा एसटीनं लातूरला, आणि हप्ता मात्र महिन्याच्या पाच तारखेला बिनचूक कापला जातोय. बँकेची यंत्रणा तुम्ही एका दुपारीत उभी करून दिलीत. दांड्याची यंत्रणा तुमच्याकडं नव्हती, आणि नाही हे तुम्हाला गाडी विकतानाच माहीत होतं. माझी तक्रार नेमकी इथं आहे. पार्ट उशिरा येणं हा धंद्यातला प्रसंग झाला. माहीत असून गप्प बसणं हे तुमचं काम झालं.

तुम्ही म्हणाल, मोठ्या गाडीची हौस करायची तर एवढं सोसावंच लागतं, इटालियन गाडी काय खेड्यापाड्यासाठी असते का. हे तुम्ही भाच्याला फोनवर म्हणालातही. म्हणून तुम्हाला थोडा इतिहास सांगतो. तो तुमच्याच पुण्याचा आहे.

इटलीची दुचाकी मराठवाड्याला कधीच परकी नव्हती. पिआजिओ कंपनीची व्हेस्पा कोर्रादिनो द’अस्कानियो या विमानाच्या इंजिनिअरनं आखली, ती 1946 मध्ये बाजारात आली. बजाजनं 1960 पासून त्याच कंपनीच्या सहकार्यानं ती आपल्याकडं बनवायला घेतली आणि आकुर्डीच्या कारखान्यातून ती खेडोपाडी गेली. 1971 ला करार संपला, 1972 ला चेतक आली, पण हाडं तीच इटलीची होती. माझ्या वडिलांच्या पिढीनं नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली ती या गाडीसाठी. तालुक्याचा मास्तर, ग्रामसेवक, कंपाउंडर, सगळे तिच्यावर. पुढं पोरगं उभं, मागं बायको आडवी बसलेली, तिच्या मांडीवर धाकटं, पायापाशी धान्याची पिशवी. सकाळी चालू झाली नाही तर उजवीकडं इंजिन आहे म्हणून तिला अंगावर तिरकी करायची, मग किक. तरीही नाही तर प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा. क्लचची एक जास्तीची वायर डिकीत कायम. आणि स्टेपनी मागं लावलेली, म्हणजे पंक्चर झालं तर रानातसुद्धा माणूस अडकत नव्हता.

ती गाडी इथं जगली कारण लोहाऱ्याचा, उमरग्याचा, औशाचा कोणताही मिस्त्री तिला डोळे मिटून उघडू शकत होता. पार्ट किराणा दुकानाशेजारी मिळत होते. पिआजिओची तीन चाकांची ॲपे बारामतीत तयार होते आणि आज आमच्याकडं तीच माणसं, भाजीपाला, लग्नाचं वऱ्हाड ओढते. तीही इटलीचीच. तेव्हा खेड्याला इटली पेलत नाही, हे पुन्हा बोलू नका. खेड्याला तुमचा धंदा पेलत नाही.

दुसरी गोष्ट. तुम्ही भाच्याला म्हणालात, ‘सर, इटालियन म्हणजे इटालियन. पॅशन वेगळीच.’ टाकीवरचं नाव इटलीचं असलं की पुढचं सगळं आपोआप येतं, असा त्याचा अर्थ. गाडी निवडणाऱ्या माणसाला खरं काय सांगायला हवं होतं ते बघा. बेनेली 1911 ला पेसारोत सुरू झाली. तेरेसा बेनेली या विधवा बाईनं आपल्या पोरांना पोटापाण्याला लावायला घरची पुंजी घालून गॅरेज काढून दिलं, त्यातून. 2005 पासून ती चीनच्या चियांगजियांग कंपनीची आहे. मोटो मोरिनी 1937 ची, बोलोन्याची. आता तिचीही मालकी चिनी. डुकाटी 2012 पासून जर्मन ऑडीकडं. अप्रिलिया आणि मोटो गुझ्झी 2004 पासून पिआजिओच्या घरात. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, चिनी कारखान्यात चांगली गाडी बनू शकते आणि बनते. पण गिऱ्हाइकाला माहीत हवं की गाडी आखली कुठं, जुळवली कुठं, आणि तिचा सुटा पार्ट कोणत्या गोदामातून निघणार. बोलोन्याहून समुद्रमार्गे येणारा दांडा आणि बारामतीहून एसटीच्या पार्सलनं येऊ शकणारा दांडा यात महिन्यांचा फरक पडतो. रोज लातूर गाठणाऱ्या माणसाला पॅशनच्या आधी हा फरक सांगायचा असतो.

आणि भागीदारांचा इतिहास? तो तर पुण्यात बसून तुम्हाला तोंडपाठ असायला हवा. 2015 मध्ये बेनेली डीएसके समूहाचा हात धरून पुण्यात आली, वाईला गाड्या जुळवल्या जाऊ लागल्या. लोकांनी हौसेनं घेतल्या, त्यात 600 सीसीची एक टूरिंगची गाडीही होती. मग डीएसके समूह आर्थिक संकटात सापडला. 2018 मध्ये बेनेलीनं हैदराबादचा नवा भागीदार धरला आणि कारभार तिकडं गेला. त्याच साली कायनेटिकनं मोटोरॉयल या नावाखाली एमव्ही अगुस्ता, एसडब्ल्यूएम अशी इटलीची नावं एका छताखाली आणली. एसडब्ल्यूएमची सुपरड्युअल तर लांबच्या प्रवासासाठीच बनवलेली. तोही डाव फार काळ टिकला नाही. कंपन्यांचं गणित बिघडतं, भागीदार बदलतात, हे धंद्यात चालायचंच. पण अशा वेळी ज्याच्या अंगणात गाडी उभी असते त्याचं काय होतं, हे तुम्ही जवळून पाहिलंय. पाहिलेला माणूस पुढच्या गिऱ्हाइकाला सावध करतो. तुम्ही त्याला पेट्यांचा कॅटलॉग दाखवलात.

आता रोजच्या वापराचं बोलू, कारण तुम्ही ते बोललाच नाहीत. दिवसाला शंभर किलोमीटर, महिन्याला पंचवीस दिवस. वर्षाला तीस हजार किलोमीटर होतात. हा गुणाकार तुमच्या मोबाइलवरही झाला असता. लांबचा प्रवास वर्षातून एकदा, समजा चार-पाच हजार किलोमीटर. म्हणजे या गाडीचं आयुष्य लडाखच्या वाटेवर जाणार नव्हतं, लामजना-औसा-लातूर याच वाटेवर जाणार होतं. मोठ्या गाडीनं लिटरला वीसच्या आसपास दिलं तरी रोजचं पाच लिटर पेट्रोल. शंभराच्या वरच्या भावानं महिन्याला बारा-तेरा हजार नुसत्या टाकीत. साध्या शंभर सीसीच्या गाडीला हाच रस्ता तिसऱ्या हिश्श्यात होतो. मोठ्या टूरिंग गाडीचा मागचा टायर दहा-बारा हजार किलोमीटरला संपतो, म्हणजे वर्षात दोन-तीनदा बदलायचा, आणि तो माप सांगून लातूरच्या दुकानात मिळत नाही. ज्या मोठ्या सर्व्हिसला शहरातला हौशी माणूस चार-पाच वर्षांनी पोचतो, तिला हा दरवर्षी पोचणार. त्यात 22 सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीच्या वरच्या मोटारसायकलींवर जीएसटी चाळीस टक्के झालेला. गिऱ्हाईक या सगळ्याला हो म्हणूनही गाडी घेईल. हौसेला मोल नसतं हे मलाही कळतं. पण आकडा समोर मांडून हो म्हणवणं वेगळं आणि आकडा झाकून सही घेणं वेगळं.

उष्णतेचंही तसंच. मोठ्या दोन-चार सिलिंडरच्या इंजिनाची धग पायावर येते, आणि व्ही मांडणीत मागचे सिलिंडर थेट मांडीखाली. इटलीच्या लोकांना हे कळत नाही असं नाही. डुकाटीनं आपल्या मल्टिस्ट्राडा व्ही4 मध्ये गाडी उभी असताना मागचे सिलिंडर आपोआप बंद होतील अशी सोय केली, ती स्वाराची मांडी भाजू नये म्हणूनच. त्याच गाडीसाठी त्यांनी आणखी एक मोठी गोष्ट केली. फाबियो तालिओनीनं 1956 पासून रुजवलेली डेस्मो पद्धत, म्हणजे झडप उघडायलाही कॅम आणि मिटायलाही कॅम, ही डुकाटीची ओळख. ती ओळख त्यांनी या टूरिंग इंजिनात बाजूला ठेवली आणि साध्या स्प्रिंगा घातल्या. झडपांची तपासणी थेट साठ हजार किलोमीटरवर नेली. लांबचा प्रवास करणारा माणूस वर्कशॉपच्या दारात कमी वेळा उभा राहावा म्हणून एका कंपनीनं आपला साठ वर्षांचा अभिमान खाली ठेवला. बोलोन्यातल्या इंजिनिअरला प्रवाशाचं दुखणं कळलं. पुण्यातल्या तुम्हाला कळू नये?

गुझ्झीचं उदाहरण तर तुमच्या टेबलावर लिहून ठेवण्यासारखं आहे. मांदेल्लो देल लारिओ या कोमो सरोवराकाठच्या गावात 1921 ला ही कंपनी निघाली. मागच्या चाकाला स्प्रिंगचं सस्पेन्शन दिलं तर लोक म्हणायचे गाडी डोलेल, वळणावर फेकून देईल. तेव्हा 1928 मध्ये मालकाचा भाऊ ज्युसेप्पे गुझ्झी स्वतः त्या गाडीवर बसला आणि खडीच्या, चिखलाच्या रस्त्यांनी पार उत्तर ध्रुववृत्तापर्यंत नॉर्वेत जाऊन आला. आधी स्वतः चालवली, मग लोकांना दिली. तुमची टेस्ट राइड शोरूमच्या फाटकापासून पुढच्या यू-टर्नपर्यंत आणि परत. सिमेंटचा गुळगुळीत रस्ता, रविवारची सकाळ, मागं कोणी बसलेलं नाही, टाकीत दोन लिटर. त्या यू-टर्नवर कुठलीही गाडी गोडच लागते. मागं बायको, पुढं पिशवी, तिन्हीसांजेला पट्टा नसलेला गतिरोधक आणि समोर दिवा नसलेली उसाची ट्रॉली, अशी टेस्ट राइड कधी तरी देऊन बघा.

न्यायानं बोलायचं तर ट्रॉलीच्या बाबतीत गाडीनं भाच्याला वाचवलं आहे. हिवाळ्यात संध्याकाळी धुक्यात ट्रॉलीची मागची कड अगदी हातभरावर दिसली, त्यानं दोन्ही ब्रेक दाबले आणि ओल्या रस्त्यावर गाडी रेषेत थांबली. मागचं चाक सरकलं नाही. साध्या गाडीवर असता तर काय झालं असतं हा विचार त्याच्या आईसमोर आम्ही काढत नाही. त्यामुळं मी म्हणतोय ते नीट समजून घ्या. या गाड्या आमच्या पोरांनी घेऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. त्यांनी घ्याव्यात, आणि त्या चालत राहाव्यात एवढी जबाबदारी विकणाऱ्यानं उचलावी.

त्या दिवशी तुमच्या खुर्चीत मी असतो तर भाच्याला असं सांगितलं असतं. बाळा, आधी रोजचं बघ. उंची किती तुझी? दोन्ही पाय टेकतात का? टेकलेत ते फरशीवर, चिखलात टेकतील का? बेनेलीची टीआरके 502 घे म्हटलं तर वीस लिटरची टाकी आहे, महामार्गावर दिवसभर शंभरनं चालते, दोघांना बसायला ऐसपैस, किंमत मोठ्या गाड्यांच्या निम्मी. पण वजन 235 किलो, म्हणजे दोन स्प्लेंडर. रानाच्या कडेला पडली तर एकट्यानं उचलायचं तंत्र आधी शीक. मोरिनीची एक्स-केप 650 तिच्याहून ताकदवान, खडबडीत रस्त्याला सरस, पण मिस्त्री तितकाच दुर्मीळ. गुझ्झीची व्ही85 टीटी बघितलीस तर तिला चेनच नाही, शाफ्ट आहे. आमच्या धुळीत आणि गाऱ्यात रोज शंभर किलोमीटर करणाऱ्याला चेन धुणं, तेल देणं, ताण बघणं हा रोजचा व्याप, तो सगळा वाचतो. कागदावर ती तुझ्यासाठीच बनली आहे असं वाटेल. पण आपल्या भागात ती उघडलेला हात सापडत नाही, म्हणून मी ती तुला देणार नाही.

मग त्याला अप्रिलियाची 457 दाखवली असती. गाडी नोआलेच्या कंपनीची, पण तयार होते बारामतीत. 2023 ला आरएस आली, 2025 ला उघड्या हँडलची तुओनो आली. दोन सिलिंडर, 47 हॉर्सपॉवरच्या वर, वजन 175 किलोच्या आसपास, आणि याच कारखान्यातून ती युरोप-अमेरिकेत जाते. आरएसवर रोज शंभर किलोमीटर वाकून बसलास तर मनगटं आणि कंबर दुखणार, तेव्हा तुओनो बघ. टाकी लहान आहे, तेरा लिटरच्याही आत, लडाखला पेट्रोलचा कॅन बांधावा लागेल. ही टूरिंगची गाडी नाही हे मी तुला आधीच सांगतो. पण वर्षातले पंधरा दिवस कॅन बांधणं परवडलं, वर्षभर दांड्याची वाट बघणं नाही परवडत.

आणि शेवटी हेही सांगितलं असतं, की तुझ्या वडिलांची जुनी गाडी रोजच्याला ठेव, हप्त्याचे पैसे साठव, आणि दोन वर्षांनी एकाच हातची, नीट ठेवलेली मोठी इटालियन घेऊन फक्त लांबच्या प्रवासाला वापर. यात माझं कमिशन बुडालं असतं. पण दोन वर्षांनी तो माझ्याकडंच आला असता, आणि येताना लोहारा-उमरग्याची आणखी चार पोरं घेऊन आला असता. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यात मोठ्या गाडीचं स्वप्न बघणारी पोरं किती आहेत याची तुम्हाला कल्पना नाही. महामार्ग चांगले झालेत. हैदराबाद इथून एका दिवसात जाऊन-येऊन होतं. ही पोरं हप्ते फेडतात, गाडी पुसून ठेवतात, नंबर प्लेटवर आईचं नाव लिहितात. त्यांच्यासाठी लातूरला किंवा सोलापुरात एक शेड, एक शिकलेला मिस्त्री, गाडीच्या संगणकाला जोडायचं एक यंत्र आणि नेहमी मोडणाऱ्या दहा-बारा पार्टचं एक कपाट, एवढं तुमच्या कंपनीला मागा. गिअरचा दांडा, क्लच आणि ब्रेकचे लिव्हर, आरसे, ब्रेक पॅड, फिल्टर, केबल. कपाटात मावणारी ही यादी आहे. आमच्या वेल्डिंगवाल्याच्या पोराला पुण्यात महिनाभर शिकायला पाठवायची तयारी आम्ही दाखवतो. राहण्या-खाण्याचा खर्च गावातली गाडीवाली पोरं वर्गणी काढून करतील. मी त्यांच्याशी बोललो आहे.

आता माझ्या मागण्या. दांडा येऊन बसलाय, गाडी परत आलीय, त्याबद्दल तुमचे आभार मानायला मी बसलेलो नाही. गाडी उभी राहिली तितक्या दिवसांची वॉरंटी वाढवून लेखी द्या. पिकअपच्या भाड्याची पावती सोबत जोडली आहे, ती भरा. एक जास्तीचा गिअरचा दांडा आणि दोन्ही लिव्हर आत्ताच मागवा, पैसे आम्ही देतो, ते घरी डब्यात राहतील, जशी पूर्वी क्लचची वायर राहायची. आणि साइड स्टँडखाली बसणारी रुंद पट्टी मिळते, ती गाडी देताना बसवून द्यायला हवी होती, पेट्यांच्या आधी. ती पण पाठवा.

तुमच्या बुकिंगच्या फॉर्मवर पत्त्याखाली एक रकाना वाढवायला सांगा, ‘सर्वांत जवळचं अधिकृत वर्कशॉप, अंतर किलोमीटरमध्ये’. तो विक्रेत्यानं स्वतःच्या हातानं भरायचा आणि गिऱ्हाइकाची सही त्या रकान्यासमोर घ्यायची.

पुढच्या सर्व्हिसला भाचा पहाटे माकणीहून निघेल, तेव्हा मागच्या सीटवर मी असेन. तो फॉर्म मला बघायचा आहे. चहा-कॉफी काही नको.

भाच्याचा मामा,
माकणी